'सॉरी' : खेद आणि उत्तरदायित्व यांच्या सीमेवरचा एक शब्द

गर्दीत ज्याच्या पायावर दुसऱ्याचा पाय पडतो तो इंग्रज माणूसच आधी 'सॉरी' म्हणतो, ही थट्टा जुनी आहे. केट फॉक्स या मानवशास्त्रज्ञ लेखिकेने 'वॉचिंग द इंग्लिश' (२००४) या पुस्तकासाठी ती प्रत्यक्ष तपासून पाहिली. सार्वजनिक ठिकाणी ती अनोळखी माणसांना, चुकून लागावा तसा पण मुद्दाम, धक्का देत असे. आणि ज्यांना धक्का बसला त्यांपैकी बहुतेक इंग्रजांच्या तोंडून 'सॉरी' हाच शब्द बाहेर पडला. धक्का खाणाऱ्याकडे येथे काही अपराध नाही, हे त्यालाही ठाऊक असते आणि धक्का देणाऱ्यालाही. आता याच शब्दाचे दुसरे टोक पाहावे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी कॅनबेरा येथील संसदेत ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केविन रड यांनी, मूलनिवासी समाजातील ज्या मुलांना सरकारी यंत्रणेने आईबापांपासून हिरावून नेले होते त्यांना उद्देशून, हाच शब्द उच्चारला. तो ऐकण्यासाठी दूरदूरची माणसे तेथे आली होती, आणि त्यांतील पुष्कळांनी त्यासाठी दहाहून अधिक वर्षे वाट पाहिली होती.

एकाच शब्दाची ही दोन टोके परस्परांपासून इतकी दूर आहेत, की ती एका शब्दाची आहेत असे मानणेच चूक, असे कोणी म्हणेल. पहिला 'सॉरी' हा शिष्टाचाराचा उद्गार आणि दुसरा ही खरी क्षमायाचना, अशी वाटणी सोयीची आहे. कोशकारही ती करतो. अर्थ क्रमांक एक, दोन, तीन असे पाडून तो मोकळा होतो. परंतु ही वाटणी बोलणाऱ्यांना मान्य असती, तर या शब्दाभोवती जे नैतिक आणि राजकीय तंटे उभे राहिले ते उभे राहिलेच नसते. तंटा होतो तो नेमका यासाठी, की उच्चारलेला 'सॉरी' यांपैकी कोणता हे उच्चारावरून ठरवता येत नाही, आणि बोलणाऱ्याला पुष्कळदा ते ठरू द्यायचेही नसते.

व्युत्पत्तीकडे पाहिले तर या संदिग्धतेची मुळे दिसू लागतात. 'सॉरी' हा शब्द 'सॉरो' या दुःखवाचक नामावरून आला असावा असे कोणालाही वाटेल. वस्तुतः दोहोंचा उगमाशी काही संबंध नाही. 'सॉरी'चे प्राचीन इंग्रजीतील रूप 'सारिग' असे होते आणि ते 'सार' म्हणजे जखम, ठणका या शब्दापासून सिद्ध झाले होते. आजचा 'सोअर' तो हाच. पुढे 'सॉरो'च्या सान्निध्याने त्याचा स्वर बदलला आणि दोन परकी कुळे एका घरची भासू लागली. (जर्मन भाषेत 'फार', 'अतिशय' या अर्थाचा जो 'झेअर' शब्द आहे तो याच मुळाचा. वेदनेचा शब्द तिकडे निव्वळ मात्रादर्शक होऊन बसला, हे इंग्रजीतल्या प्रकारापेक्षाही अद्भुत म्हटले पाहिजे.) तेव्हा मुळात 'मी सॉरी आहे' म्हणजे 'मला दुखते आहे'. त्यात चुकीची कबुली नाही, क्षमेची याचना नाही, समोरचा माणूससुद्धा नाही. आहे ती केवळ बोलणाऱ्याची अवस्था. एखाद्याच्या घरी मृत्यू झाला असता इंग्रज मनुष्य आजही 'सॉरी' म्हणतो तेव्हा हा मूळ अर्थ जिवंत असतो. आणि नामाच्या आधी येऊन हे विशेषण 'केविलवाणा', 'दैन्यवाणा' असा अर्थ देते तेव्हाही तोच, फक्त बाहेरून पाहिलेला.

या शब्दाच्या आसपास जे पर्याय म्हणून सांगितले जातात त्यांच्यापैकी एकाचीही घडण अशी नाही. 'पार्डन' आणि 'फरगिव्ह' हे दोन्ही देण्याचे शब्द आहेत. लॅटिनमधील पूर्णपणे देऊन टाकण्याची कल्पना एकाने उसनी घेतली, दुसऱ्याने तिचे जर्मानिक धातूंत भाषांतर केले. 'एक्स्क्यूज' हा न्यायालयाकडून आलेला शब्द, आरोपातून बाहेर काढणे हा त्याचा मूळ व्यापार. 'रिग्रेट' जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे तो मृतासाठी विलाप करण्याचा शब्द होता. आणि 'अपॉलजी'चा इतिहास तर सर्वांत बोधप्रद. ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे आरोपीने आपल्या बचावार्थ केलेले भाषण. प्लेटोच्या ज्या संवादाला हे नाव आहे त्यात सॉक्रेटिस कशाचीही क्षमा मागत नाही. क्षमा मागायला तो तयार असता तर कदाचित त्याचा जीव वाचला असता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत हाच अर्थ चालत होता. सर फिलिप सिडनीचा काव्यविषयक निबंध त्याच्या मृत्यूनंतर १५९५ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढला, एकाने 'अपॉलजी' या नावाने तर दुसऱ्याने 'डिफेन्स' या नावाने; वाचकांना त्यात विसंगती जाणवली नसणार. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात नोंद केली आहे, की हा शब्द आता निर्दोषत्व सिद्ध करण्यापेक्षा दोष सौम्य करण्याकडे झुकला आहे. म्हणजे 'माझे चुकले नाही' असे ठणकावून सांगणारा शब्द 'माझे चुकले' असे सांगू लागला, आणि हे स्थित्यंतर 'चुकले खरे, पण...' या मधल्या पायरीवरून झाले. ही मधली पायरी शब्दाने अद्याप पुरती सोडलेली नाही, असे सार्वजनिक क्षेत्रातील क्षमापत्रे वाचताना वारंवार वाटत राहते.

सोस्यूरने समानार्थी शब्दांविषयी जे म्हटले आहे ते येथे आठवावे. भीतीचे तीन फ्रेंच शब्द घेऊन त्याने दाखवले, की त्यांचे मूल्य केवळ परस्परविरोधातून ठरते आणि त्यांतला एक नाहीसा झाला तर त्याचा आशय इतरांकडे वाटला जाईल. 'सॉरी'च्या बाबतीत मात्र काहीसे उलटे घडलेले दिसते. शेजारचे शब्द नाहीसे न होताच त्यांचा आशय या एका शब्दाकडे आला. ऐकू आले नाही तर 'पार्डन' ऐवजी 'सॉरी', वाट हवी असेल तर 'एक्स्क्यूज मी' ऐवजी 'सॉरी', नकार द्यायचा तर वाक्याच्या आधी 'सॉरी', वाद घालायचा तर 'सॉरी, पण'. शब्दाची ही सर्वसंचारी वृत्ती पाहून तो झिजला, निरर्थक झाला असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु झिजलेले नाणे जर खरोखरच चलनातून बाद झाले असते, तर एखादे राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राकडे नेमके तेच नाणे मागताना दिसले नसते.

जे. एल. ऑस्टिनने या शब्दाची अडचण अचूक हेरली होती. 'हाउ टु डू थिंग्ज विथ वर्ड्स' ही त्याची १९५५ सालची हार्वर्ड येथील व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यात त्याने एक छोटा तक्ता दिला आहे. 'आय अपॉलजाइज' हा उच्चार म्हणजे कृतीच होय. तो खरा की खोटा असा प्रश्न विचारता येत नाही, तो साधला की फसला एवढेच विचारता येते. दुसऱ्या टोकाला 'आय रिपेंट' हे बोलणाऱ्याच्या मनोवस्थेचे वर्णन. ते खरे किंवा खोटे असू शकते. आणि या दोहोंच्या मध्ये, अर्धवट कृती आणि अर्धवट वर्णन अशा स्थितीत, 'आय अ‍ॅम सॉरी'. ऑस्टिनची कसोटी साधी आहे: 'त्याला खरोखर तसे वाटते का?' हा प्रश्न सुसंगत ठरत असेल तर वर्णनाचा अंश शिल्लक आहे. अपॉलजी दिली गेल्यावर 'त्याने खरोखर दिली का?' असे विचारणे विचित्र. 'सॉरी' म्हटल्यावर 'त्याला खरेच वाईट वाटले का?' असे विचारणे अगदी स्वाभाविक. ऑस्टिनने ही मधली जागा अशुद्ध मानली. वाक्-कृतींचे वर्गीकरण करणाऱ्याला ती तशी वाटणे साहजिकच आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने ही अशुद्धी हाच या शब्दाचा खरा आशय असेल तर? ज्या क्षमायाचनेच्या मागे दुःख नाही ती कृती म्हणून पुरी झाली तरी स्वीकारणाऱ्याला पोकळ वाटते, आणि जे दुःख कृतीत उतरत नाही ते त्याला निरुपयोगी वाटते. त्याला दोन्ही एकत्र हवी असतात; आणि रोजच्या इंग्रजीत ती एकत्र धरून ठेवणारा असा दुसरा शब्द नाही.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. घडलेल्या गोष्टीबद्दल दुःख होणे आणि तिचे उत्तरदायित्व घेणे या दोन गोष्टी खरोखर अलग करता येतात का?

कायद्याचे उत्तर 'येतात' असे आहे. इतकेच नव्हे तर त्या अलग केल्याच पाहिजेत असे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ मध्ये झालेला कायदा या दृष्टीने पहिला मानला जातो. तेथील एका माजी सिनेटरची मुलगी १९७४ मध्ये सायकलवरून जात असता मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटार चालवणाऱ्याने त्या कुटुंबाकडे कधीही खेद व्यक्त केला नाही. आणि वडिलांना जे समजले ते असे, की त्याने तसे केले असते तर ते न्यायालयात त्याच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरले गेले असते. कायद्याच्या भीतीने माणसाच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. म्हणून, अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दोषाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, अशी तरतूद करण्यात आली. ब्रिटिश कोलंबियाच्या २००६ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन दोषाच्या कबुलीसकट दिलेल्या क्षमायाचनेलाही हे संरक्षण दिले. त्याच वर्षीच्या इंग्लंडमधील कायद्यानेही, केवळ क्षमा मागितली म्हणून निष्काळजीपणा मान्य केला असे होत नाही, असे स्पष्ट केले. हेतू सर्वस्वी चांगला. परंतु या व्यवस्थेत 'सॉरी' म्हणणाऱ्याला त्या शब्दाची काहीच किंमत मोजावी लागत नाही, आणि ज्याला ती मोजावी लागत नाही त्याचा शब्द ऐकणाऱ्याने कशाच्या तारणावर घ्यावा? दुःखाला वाट करून देण्यासाठी उत्तरदायित्वाचा दगड बाजूला सारला, आणि त्या दगडावरच शब्दाचे वजन होते, असे येथे झाले असावे.

बर्नार्ड विल्यम्सने १९७६ मध्ये मांडलेले उदाहरण या ठिकाणी निर्णायक ठरते. एक ट्रकचालक. त्याची काडीइतकीही चूक नाही. मूल अचानक चाकाखाली येते. बघ्यांना दुःख होते, चालकालाही होते. पण चालकाचे दुःख बघ्याच्या दुःखापेक्षा जातीनेच निराळे असते. लोक त्याचे सांत्वन करतील, तुझा दोष नाही म्हणून सांगतील, आणि ते सांगणे योग्यच असेल. तरीही तो ते पटकन मानून मोकळा झाला, बघ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तर त्याच्याविषयी आपल्या मनात कोठेतरी शंका येईल. विल्यम्स याला कर्त्याचा खेद म्हणतो. हा खेद दोषातून येत नाही, तर 'हे माझ्या हातून घडले' या वस्तुस्थितीतून येतो. कायद्याला दोनच कप्पे ठाऊक आहेत, दोषी आणि त्रयस्थ. विल्यम्सचा चालक दोहोंत बसत नाही. 'सॉरी' या शब्दाची ऑस्टिनला अशुद्ध वाटलेली जागा ती हीच, असे म्हणता येईल. तो शब्द कबुली देत नाही, पण त्रयस्थही राहू देत नाही.

हे मान्य केले तर ऑस्ट्रेलियातील वादाचे स्वरूप निराळे दिसू लागते. हिरावून नेलेल्या मुलांविषयीचा 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल २६ मे १९९७ रोजी संसदेपुढे आला. सरकारने औपचारिक क्षमायाचना करावी, ही त्यातील एक शिफारस होती. तत्कालीन पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी ती मानली नाही. पुढल्या वर्षी त्याच तारखेला लोकांनीच 'सॉरी डे' पाळला. ऑगस्ट १९९९ मध्ये हॉवर्ड यांनी संसदेत ठराव आणला तो 'रिग्रेट'चा. मे २००० मध्ये सिडनीच्या बंदरावरील पुलावरून सुमारे अडीच लाख लोक चालत गेले, तेव्हा एका विमानाने धुराने आकाशात हाच एक शब्द लिहिला होता. सरकार खेद व्यक्त करायला राजी होते. लोकांना एका विशिष्ट शब्दाशिवाय काही नको होते. पर्यायी शब्दांच्या यादीत शेजारी शेजारी छापलेल्या दोन शब्दांमधले अंतर एका देशाच्या राजकारणाला दहा वर्षे ओलांडता आले नाही.

हॉवर्ड यांचा युक्तिवाद तिरस्काराने झटकून टाकण्याजोगा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. आजच्या पिढीने जे केले नाही त्याचे पाप तिच्या माथी मारता येत नाही, हा तो युक्तिवाद. दोष व्यक्तीचा असतो आणि तो वारशाने जात नाही, हे आधुनिक नीतीचे एक मूलतत्त्व आहे. जातिव्यवस्थेचा अनुभव असलेल्या समाजाला तर ते सहजी सोडता येणार नाही, कारण पूर्वजन्मीचे आणि पूर्वजांचे कर्म माणसाच्या गळ्यात बांधण्याचे परिणाम त्याने पाहिले आहेत. परंतु हा युक्तिवाद 'सॉरी'चा अर्थ दोषाची कबुली असाच घेतो. राज्यसंस्था मात्र विल्यम्सच्या चालकासारखी असते. संसद तीच, कायदेपुस्तक तेच, सही करणारी खुर्ची तीच. आज तीत बसलेला माणूस दोषी नसेल. पण 'हे या खुर्चीच्या हातून घडले' असे म्हणायला त्रयस्थाचा सूर चालत नाही, आणि 'रिग्रेट' हा त्रयस्थालाही परवडणारा शब्द आहे. पावसामुळे सामना रद्द झाला तरी तो वापरता येतो.

आणखी एक गोष्ट या वादात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी ज्या इंग्रजीत बोलतात तिच्यात मृत्यूनंतरच्या शोकविधींना 'सॉरी बिझनेस' म्हणतात. तेथे या शब्दाचा जुना, जखमेचा अर्थ केवळ टिकून आहे असे नव्हे, तर तो सामुदायिक आहे. शोक करणाऱ्यांबरोबर येऊन बसणे, असा त्याचा व्यवहार आहे. मूलनिवासी जेव्हा 'सॉरी' मागत होते तेव्हा ते आरोपीच्या पिंजऱ्यातली कबुली मागत होते की सुतकात येऊन बसण्याचे निमंत्रण देत होते? बहुधा दोन्ही. रड यांच्या भाषणाने शब्द दिला. नुकसानभरपाई मात्र त्या वेळी त्यांच्या सरकारने नाकारली. त्यामुळे ज्यांना तो शब्द हवा होता त्यांच्यापैकीच काहींना तो अपुराही वाटला. त्यात विसंगती नाही.

राजनीतीला या संदिग्धतेचा उपयोगही करता येतो. १ एप्रिल २००१ रोजी हाइनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक मृत्यू पावला आणि अमेरिकेचे चोवीस कर्मचारी चीनच्या ताब्यात राहिले. चीनला क्षमायाचना हवी होती, अमेरिकेला ती द्यायची नव्हती. अखेर जे पत्र दिले गेले त्यात वैमानिकाच्या मृत्यूबद्दल एकदा आणि परवानगीवाचून विमान उतरवल्याबद्दल एकदा असे दोनदा 'व्हेरी सॉरी' होते. अमेरिकेने सांगितले, ही कबुली नव्हे. चीनने आपल्या भाषेत असा शब्दप्रयोग निवडला, की वाचणाऱ्याला क्षमायाचना झाली असे वाटावे. माणसे सुटली. शब्द इतका लवचीक नसता तर ती सुटली असती किंवा नाही, सांगता येत नाही.

मराठीत हा शब्द आला तो या सगळ्या इतिहासाशिवाय, पण रिकाम्या हाताने आला नाही. येथे शब्दांची वाण होती असे नव्हे. 'क्षमा' हा सहन करण्याच्या धातूपासूनचा शब्द. पृथ्वीलाही ते नाव आहे, ते तिच्या सोसण्यावरून. 'माफी' अरबीतून आलेली, तिच्यात पुसून टाकण्याची कल्पना. 'दिलगीर' फारसीतून, जुन्या मराठीत त्याचा अर्थ उदास, खिन्न असा होता, आणि 'सॉरी'ने जी वाट चालली तीच वाट चालून तो आज वृत्तपत्रांतील 'दिलगिरी व्यक्त केली' या ठरीव शब्दबंधात येऊन थांबला आहे. माफी आणि दिलगिरी यांतला फरक मराठी वार्ताहर काटेकोरपणे जाणतो. पुढारी पहिलीपासून दूर राहू पाहतात तेव्हा दुसरी त्यांच्या मदतीला येते.

परंतु 'माफ करा' आणि 'सॉरी' यांत व्याकरणाचाच एक भेद आहे आणि तो नीतीचाही आहे. 'माफ करा' ही आज्ञार्थी रचना; तिच्यात करायचे आहे ते समोरच्याने. क्षमा 'मागावी' लागते, आणि मागणारा हात खाली असतो. म्हणून वडील मुलाला, मालक गड्याला, गुरू शिष्याला माफी मागतो आहे हे दृश्य मराठी समाजात दुर्मिळ होते. चूक उमगली तरी तो जेवायला हाक मारी, बोलण्याचा सूर मऊ करी, एखादी वस्तू हातावर ठेवी. पाय लागला असता शब्द न उच्चारता समोरच्याला हात लावून तो आपल्या छातीला किंवा कपाळाला नेण्याची जी रीत आहे, तीही बहुधा धाकट्याने थोरल्याच्या बाबतीत पाळायची. 'सॉरी'ने ही उतरंड ओलांडण्याची सोय केली. त्यात समोरच्याकडे काही मागितलेले नाही, म्हणून हात खाली जात नाही. बाप मुलाला 'सॉरी बरं का' म्हणू शकतो. हे लहानसहान स्थित्यंतर नव्हे. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. 'माफ करा' म्हटल्यावर समोरच्याला 'असू दे', 'राहू द्या' असे उत्तर देण्याचा, आणि क्वचित न देण्याचाही, अधिकार उरतो. 'सॉरी म्हटलं ना!' या आजच्या मराठी वाक्यात तो अधिकार काढून घेतलेला असतो. बोलणाऱ्याने आपले काम उरकले; आता रागावणे हा ऐकणाऱ्याचा दोष.

शब्दात दडलेल्या या पायऱ्या सामान्य माणसाला कळत नाहीत असे समजणे चूक आहे. शरद जोशी आणि शेतकरी संघटना यांनी 'कर्जमाफी' या शब्दाला हरकत घेऊन 'कर्जमुक्ती' असा शब्द पुढे केला, तो याच जाणिवेने: माफी गुन्हेगाराला दिली जाते, आणि शेतकरी कर्जात बुडाला तो त्याच्या गुन्ह्याने नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हाच शब्द आहे. रोजच्या बातम्यांत मात्र 'माफी' चालूच राहिली.

आणि महाराष्ट्राच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की ज्यात इंग्रजीत दिलेली अपॉलजी आणि मराठीत ऐकली गेलेली माफी यांच्यामधले अंतर एका माणसाला आपल्या लौकिकाने भरून काढावे लागले. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या चालल्या होत्या, आणि त्यांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मधून जाहीर वाच्यता केली. त्यात दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा आणि त्यांतील एकीने आत्महत्या केल्याचा उल्लेख होता. मुंबई सरकारने इन्कार केला. गोखले परत आले. आरोप सिद्ध करता येईल असे कोणी पुढे येईना. त्यांनी गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी आणि सैनिक यांची बिनशर्त क्षमा मागणारे निवेदन प्रसिद्ध केले. पुण्यात त्याचा अर्थ कच खाल्ली असाच लावला गेला, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात क्षमा मागण्यास नकार देऊन टिळक तुरुंगात गेले, त्यामुळे तुलना अपरिहार्य झाली.

गोखल्यांनी क्षमा कशाची मागितली? काटेकोर पाहिले तर, जे सिद्ध करता येत नाही ते जाहीरपणे बोलल्याची. ही बोलण्याविषयीची क्षमायाचना होती, घटनेविषयीची नव्हे. आणि सभ्य माणसाने पुराव्यावाचून केलेला आरोप मागे घ्यावा, मग मनात काही वाटो, हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला. त्यात भित्रेपणापेक्षा एक प्रकारचा कठोरपणाच अधिक आहे. परंतु अपॉलजी या शब्दाला असा सूक्ष्म भेद पेलत नाही. ती एकदा दिली गेली, की बोलणेच नव्हे तर घटनाही पुसली जाते. 'सिद्ध करता आले नाही' याचे 'घडलेच नाही' असे होते. मराठीत तर ती 'माफी' होऊन पोचली, म्हणजे अपराध गोखल्यांचा आणि क्षमा करणारे सरकार, असे चित्र पुरे झाले. ज्यांच्याविषयी ती वार्ता होती त्या स्त्रिया या देवाणघेवाणीत कोठेच नाहीत. ना त्यांना कोणी 'सॉरी' म्हटले, ना त्यांच्या वतीने कोणाला म्हणता आले. त्या होत्या किंवा नाही हा प्रश्नसुद्धा क्षमापत्राच्या शाईखाली गेला. गोखल्यांनी आपला शब्द संपूर्ण मागे घेतला. पुण्याहून ज्यांनी त्यांना पत्रे लिहिली होती त्यांची नावे मात्र त्यांनी सरकारला दिली नाहीत.